मनगटाचं वय

“शेरमुरोद!” मी दारातून हाक मारली, आणि बाकावर ओळीने बसलेल्या पोरांपैकी कोणीच उठलं नाही. मी यादीत पाहिलं, पुन्हा नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात कडेचा उंच मुलगा एकदम उभा राहिला. “मी, डॉक्टर ओपा. मीच.” ओपा म्हणजे ताई; इथे सगळे मला तसंच म्हणतात. हाक आणि उठणं यांच्यामध्ये फार तर दीड श्वास गेला असेल. पण तेवढा उशीर मला खटकला. बावीस वर्षं मी नमनगानच्या मुलांच्या इस्पितळात नावं पुकारली आहेत. बहिऱ्या मुलाचा उशीर मला कळतो, लाजऱ्याचा कळतो, घाबरलेल्याचाही. हा उशीर त्यातला नव्हता. आपल्या नावापर्यंत ज्याला दोन पावलं चालत जावं लागतं, त्याचा हा उशीर होता. तो मी फक्त एकाच माणसाचा पाहिलेला आहे, आणि तोही आतून.

“डावा हात काचेवर ठेव. बोटं पसर. हलू नको.” तो वाकला. हात मोठा होता, अंगठ्याजवळ फावड्याचा जुना घट्टा. “दुखतं का हो?” “फोटो काढताना कधी दुखतं का?” “मामाला दुखलेलं, ओपा. पासपोर्टचा फोटो होता, मिशी काढायला लावली.” मी हसले, बटण दाबलं, आणि पडद्यावर त्याचं मनगट उमटलं. त्याआधी त्या दिवशी मी तीस मनगटं पाहिली होती. वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक मऊ थर असतो. तो एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे त्या जागी आडवी काळी रेघ दिसते. तिसांच्या तिसांना ती रेघ होती, कुणाची रुंद, कुणाची बारीक. याच्या मनगटात तिचा नुसता वण उरला होता. कागदावर याचं वय तेरा वर्षं आठ महिने. मी खुर्चीत मागे टेकून त्या वणाकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर मला राग आला नाही, काळजीही वाटली नाही. मला फक्त जाणून घ्यायचं होतं. कोण आहेस बाबा तू?

जाणून घेण्याच्या या खोडीपायीच मी इस्पितळ सोडून इथे आले होते. आमच्या ‘सारबोन’ फुटबॉल क्लबने वरच्या साखळीत पाय ठेवला आणि शहराच्या टोकाला, जिथे पूर्वी रेशमाचे कोष वाळवण्याचा कारखाना होता, तिथे सहा मैदानं, ऐंशी मुलांचं वसतिगृह, भोजनघर आणि एक दवाखाना उभा केला. बाहेरून खेळाडू आणण्यापेक्षा आपली पोरं आपणच घडवायची, असं संचालक शुहरात आका, म्हणजे शुहरातदादा, प्रत्येक पाहुण्याला सांगत. माझ्या खोलीत अजून रंगाचा वास होता, खिडकीखाली माणसं गालिचे उलगडावेत तशी हिरवळ उलगडत होती. इस्पितळात मी मोडलेली, सुजलेली, पोखरलेली हाडं पाहिली. इथे पहिल्यांदाच धडधाकट हाडं नुसती बघायला मिळत होती. चाळीस जागांसाठी चारशे पोरं आली होती, त्यातून पन्नास उरली होती, आणि चौदाखालच्या गटात खरोखर चौदाखालचीच पोरं आहेत ना, हे बघणं माझं काम. संध्याकाळी मशीन बंद केलं तरी तो दीड श्वास माझ्या कानात राहिला. घरी सुरीने कांदा कापताना मी स्वतःशीच पुटपुटले, “ओयदिन.” आणि नेहमीसारखंच, उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला.

ओयदिन म्हणजे चांदणं. माझ्याआधी हे नाव दुसऱ्या एका मुलीचं होतं. माझे आईवडील डोंगराखालच्या गावात कापसाच्या तुकडीत कामाला होते. त्यांची पहिली मुलगी अकरा महिन्यांची असताना गोवराने गेली. मृत्यूची नोंद करायची कचेरी नदीपलीकडे. वडील आज जातो, उद्या जातो करत राहिले. त्यानंतर वर्षभराने मी झाले. जन्माचा दाखला घरात होताच, नावही होतं. वडिलांनी एक खेप वाचवली आणि मला त्या कागदात बसवलं. हे मला कुणी सांगितलं नाही. एकोणीस वर्षांची असताना लग्नाच्या दुलया उन्हात घालत होतो, तेव्हा रिसोलात मावशी एक छोटी दुलई झटकत म्हणाली, “ही पहिल्या ओयदिनची,” आणि अंगणातल्या सगळ्या बायकांचे हात थांबले. आई उठून चुलीकडे गेली. कागदावर मी सात वर्षांची होते तेव्हा मला शाळेत घातलं. खरी मी पाच. बाकावरून पाय जमिनीला पोचायचे नाहीत. शर्यतीत मी शेवटची, कापूस वेचायला नेत तेव्हा माझी झोळी सगळ्यांत हलकी, आणि मास्तरांनी नाव घेतलं की मी खिडकीबाहेरच बघत असायची. “ओयदिन, झोपलीस का?” वर्ग हसायचा. मी मंद आहे, दुबळी आहे, असं मी चौदा वर्षं मनापासून मानलं. वर्गच माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता, एवढी साधी गोष्ट कुणाला सांगावीशी वाटली नाही. आईने तर मला कधी नावाने हाकच मारली नाही. ‘पोरी’ म्हणायची, ‘ए’ म्हणायची. माझा जन्म कधीचा असं विचारलं की म्हणायची, “जर्दाळूला फुलं आलेली आणि वरून दहिवर पडलं होतं.” असं फुलं जाळणारं दहिवर, गोठलेलं दव, दर दोन-तीन वर्षांनी पडतं. अठ्ठाविसाव्या वर्षी मी इस्पितळात एकटी असताना स्वतःचा हात काचेवर ठेवला होता. हाताने काहीच सांगितलं नाही. विशीनंतर हाड बोलायचं थांबतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राविल आकांना शोधत तीन नंबरच्या मैदानाकडे गेले. राविल आका पोरांचे मुख्य प्रशिक्षक, एकसष्ट वर्षांचे तातार, गुडघा कायमचा वाकडा, खिशात सूर्यफुलाच्या बिया. “आका, तो एकतीस नंबरचा मुलगा.”

“माझा आठ नंबर म्हणा. काय झालं त्याला?”

“त्याचं हाड सोळाच्या आसपास आहे. कदाचित पुढेच.”

“मैदानात तर चाळिशीचा वाटतो,” ते साल थुंकत म्हणाले. “बॉल कुठे पडणार ते याला आधी ठाऊक.”

“मी थट्टा करत नाहीये.”

“मग त्या हाडाला विचारा ना ओपा, तिरका पास देता येतो का म्हणून. फोटोत दिसतं का ते?” त्यांनी आणखी दोन बिया फोडल्या. “आमच्या वेळी आम्ही सगळेच कागदावर दोन-दोन वर्षांनी लहान होतो. संघच्या संघ लहान. एकाला तर घरी बायको होती.”

“आणि जी खरंच लहान होती ती?”

“ती बाकावर,” असं म्हणून ते हसले, पण हसणं पुरतं झालं नाही. मैदानाच्या जाळीबाहेर एक चिमणीएवढा मुलगा बापाची वाट बघत पिशवीवर बसला होता. अझिमजोन. निवडीत एकेचाळिसावा. काल त्याचं मनगट मी पाहिलं होतं. “त्याची रेघ इतकी रुंद आहे आका, की अजून चार वर्षं तो वाढेल. कालच्या सामन्यात त्याला ज्याने तीनदा पाडलं, तो एकतीस नंबर होता.” राविल आकांनी त्या पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुम्हाला खेळातलं काही कळत नाही,” ते म्हणाले, “तेच बरं आहे.”

मी अहवाल लगेच लिहिला नाही. एखादं मूल लवकर वयात येतं, हाडं दीड-दोन वर्षं पुढेमागे होतात, हे मला माहीत होतं. पण तीन वर्षं कुणी पुढे धावत नाही. अहवालाला दोन ओळी पुरल्या असत्या. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. मी दाखल्यापेक्षा लहान; तो दाखल्यापेक्षा मोठा. मी मोठ्यांत चिरडले गेले. तो लहानांत चमकतो आहे. त्याला तसं चमकताना कसं वाटत असेल? दहाच्या सुमारास मी त्याला बोलावून घेतलं, चहा ओतला, त्याचाच फोटो पडद्यावर लावला. तो जवळ जाऊन बघत राहिला, एकेक हाड बोटाने मोजायला लागला. “घरात तुला काय म्हणतात?” मी विचारलं.

त्याने बोट पडद्यावरच ठेवलं. “यात नावपण दिसतं?”

“नाही. वय दिसतं, तेही अंदाजाने.”

“मग नावाचं कसं कळलं?”

मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, “चहा गार होतोय.” त्याने दोन घोट घेतले. मग एका दमात सांगून टाकलं. नाव एलमुरोद. दोन महिन्यांनी सोळा पूर्ण. शेरमुरोद धाकटा भाऊ, पाचव्या वर्षी काविळीने गेला, त्याचा दाखला ट्रंकेतच राहिला. मामाने क्लबची जाहिरात वाचली, चौदाखालची पोरं हवीत म्हणून, आणि ट्रंक उघडली. “मामा म्हणाला, एक वर्ष काढ, मग तू एवढा चांगला झालेला असशील की कुणी विचारणार नाही.”

“आणि तुला काय वाटलं?”

“आधी घाण वाटलं. म्हणजे, त्याची चड्डी घातल्यासारखं.” त्याचे कान लाल झाले. “मग गंमत वाटायला लागली. गोल झाला की सगळे त्याच्या नावाने ओरडतात. त्याला तर धड लाथ मारता यायची नाही ओपा, बॉल त्याच्या गुडघ्याएवढा होता.” जरा थांबून म्हणाला, “पास चुकला की राविल आकांच्या शिव्यापण त्यालाच.” आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता त्याचा चेहरा असा झाला की मी उठून खिडकीपाशी गेले.

शुहरात आकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. सरळ माणूस, पण पुढच्या महिन्यात राजधानीहून पाहुणे येणार होते, उद्घाटनाला पोरांचा सामना होता. “अंदाजच असतो ना हा, डॉक्टर? मग अंदाज थोडा खाली घ्या. साडेचौदा म्हणा.” मी म्हटलं, “खाली सही माझी असते.” हे वाक्य बोलताना मला विचित्र वाटलं, कारण सही करायची त्या नावाची मालकीण नदीकाठच्या कबरस्तानात होती. पण हात माझा होता, आणि डोळे माझे. “दोन महिन्यांनी सोळा पूर्ण झाली की त्याला स्वतःच्या नावाचा पासपोर्ट काढावाच लागणार,” मी पुढे म्हटलं. “मग एका पोराच्या जागी दोन होतील, आणि आपल्या पहिल्याच वर्षी अकादमीला कुलूप लागेल. त्यापेक्षा त्याला खऱ्या नावाने सोळाच्या गटात एकदा बघा. एवढंच मागते.” ते कपाळ चोळत बसले. “मी चांगलं काहीतरी बांधायला निघालो होतो,” ते म्हणाले. मी म्हटलं, “मग बांधा ना.” इतक्या वरच्या माणसाशी असं मी कधीच बोलले नव्हते.

शुक्रवारी त्याची आई आली. मुहाय्यो तिचं नाव. चुस्तच्या वरच्या अंगाच्या खेड्यातून तीन गाड्या बदलून, रुमालात भाकऱ्या आणि सुक्या जर्दाळूंची पुरचुंडी घेऊन. ती रडेल, पाय धरेल, अशी मी मनाची तयारी केली होती. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “चूक माझ्या भावाची नाही. ट्रंकेची किल्ली मी दिली.” मी तिच्यापुढे चहाचा पेला सरकवला. “तुम्हाला वाटेल, पोराला मोठा खेळाडू करायचा म्हणून. तेही होतं. पण इथून फोन यायचा ना, ‘शेरमुरोदच्या आई का?’ म्हणून. मी ‘हो’ म्हणायची. मोठ्याने म्हणायची. शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग मीच विचारायची, ‘जेवला का शेरमुरोद? खेळतोय का नीट शेरमुरोद?’ आठ वर्षांत कुणी मला हे विचारू दिलं नव्हतं हो.”

“तुम्ही त्याचं नाव घेणं कधी सोडलंत?”

“सोडलं कुठे? मनात घेतेच. मोठ्याने घेतलं की घरातले सगळे जेवायचे थांबतात.” तिने रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. “आता जाऊन नोंद करून टाकीन. त्याचीच जागा अडवली होती ना आम्ही. आणि या मोठ्याला वाटायला नको की आईला तोच हवा होता.” ती गेल्यावर तिने ठेवलेली भाकरी मी तोडली, आणि तुकडा हातातच राहिला. माझ्या आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती माझं नाव घेत नाही म्हणजे मी तिला नकोशी आहे, उसन्या कागदावरची, असं मी धरून चालले होते. आता त्या बाईच्या मागे माझी आई येऊन उभी राहिली. अंगणात ‘ओयदिन’ म्हणून हाक मारायची तर दोघींना ऐकू गेली असती, आणि धावत एकटी मीच आले असते. रोज. ते तिला बघायचं नव्हतं. असंच असेल असं मी म्हणत नाही. पण तीस वर्षं मी एकच अर्थ धरून बसले होते, आणि दुसरा अर्थ असू शकतो हे मला एका परक्या बाईने, भाकरीच्या रुमालाशी चाळा करता करता दाखवलं.

चाचणी पुढच्या गुरुवारी दुपारी झाली. राविल आकांनी गळ्यातली शिट्टी वाजवून नाव पुकारलं ते खरं, एलमुरोद, आणि सोळाच्या गटातली पोरं त्याच्याकडे टकमक बघायला लागली. मी जाळीपाशी उभी होते. मला खेळ कळत नाही, पण मनगटं कळतात. त्या मैदानात सगळ्यांच्याच रेघा मिटत आलेल्या होत्या. तो धावला तेव्हा बाकीचेही तेवढंच धावले. तो अंगावर गेला तेव्हा समोरचा पडला नाही. दोनदा तोच पडला, उठला, नाकातून रक्त पुसलं. शेवटच्या दहा मिनिटांत त्याने एक पास असा दिला की राविल आकांनी खिशात घातलेला हात तसाच ठेवला, बी तोंडापर्यंत नेली नाही. पण तो एकच. सामना संपल्यावर ते लंगडत माझ्याकडे आले. “चांगला आहे,” ते म्हणाले. “असे चांगले माझ्याकडे वीस आहेत, ओपा. काय करू?” मग त्याच्याजवळ जाऊन त्यांनी स्वतःच सांगितलं, दुसऱ्या कुणावर ढकललं नाही. आणि चुस्तच्या क्रीडाशाळेतल्या आपल्या जुन्या सोबत्याला फोन लावून तिथेच, त्याच्यादेखत, शिफारस केली. शिफारस करताना नाव दोनदा सांगितलं, नीट फोड करून. चाळिसावी जागा अझिमजोनला मिळाली. तो पहिले तीन आठवडे घरच्या आठवणीने रडत होता. आता भोजनघरात सर्वांत जास्त गोंगाट त्याचाच असतो. उद्घाटनाचा सामना आम्ही हरलो. पाहुण्यांनी हिरवळीची तारीफ केली.

ऑगस्टात चुस्तची पोरं आमच्याकडे सरावाचा सामना खेळायला आली, चार-एकने हरली. एलमुरोद घामाने निथळत दवाखान्याच्या दारात आला. “तो फोटो मिळेल का हो? हाताचा?” मी म्हटलं, “कशाला रे?” “आईला दाखवायचाय. तिला खरं वाटत नाही हाडात असं काही लिहिलेलं असतं म्हणून.” मी पाकीट दिलं. त्यावर जुनं नाव होतं. त्याने ते वाचलं, खोडलं नाही, खाली आपलं लिहिलं आणि पाकीट छातीशी धरून गाडीकडे पळाला.

त्यानंतरच्या रविवारी मी आमच्या गावी गेले. रिसोलात मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे, एका डोळ्याने बघते, पण तुतीखालच्या लाकडी बैठकीवर बसून अजून एकटी शेवया वळते. मी तिला सरळ विचारलं, जे आईला विचारायला मी सहा वर्षं उशीर केला होता. “मावशी, माझा जन्म कधीचा? खरा.”

“मला काय ठाऊक तारीख. दहिवर पडलं होतं. जर्दाळू गेले त्या वर्षी सगळे.”

“हे मला माहीत आहे. आणखी काहीतरी सांग. काहीही.”

“आता हे काय काढलंस?” तिने शेवई तोडली. “तुझा बाप तुझ्या चाळिसाव्या दिवसापर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, कागद आहे, तोच चालवू. तुझी आई तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिने तोवर तुला नाव ठेवलं होतं ना.”

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. “काय नाव?”

“तुला सांगितलं नाही तिने? चाळीस दिवस तर त्याच नावाने अंगाई म्हणत होती. आम्ही सगळ्या चिडवायचो, केवढं लांबलचक नाव ठेवलंयस एवढ्याशा किड्याला म्हणून. इंतिझोर.”

जिची वाट पाहिली ती. कुठेतरी मागे कोंबडी ओरडत होती, पाटाचं पाणी वाहत होतं. मी मावशीच्या गुडघ्यापाशी सरकून बसले. “पुन्हा म्हण,” मी म्हटलं.

“इंतिझोर.”

“पुन्हा.”

“इंतिझोर!” मावशी खेकसली. “बहिरी झालीस का गं? हात धू आणि शेवया वळायला घे, दोन माणसांना पुरायच्या नाहीत एवढ्या.”